समुद्रातील शेवाळ आणि आपले दुकान

धान्याच्या व्यापाऱ्याने समुद्राविषयी लेख लिहावा, याचे वाचकांस नवल वाटेल. ज्वारी, तूर, हरभरा आणि गूळ यांच्या पलीकडे आम्हा भुसारवाल्यांची दृष्टी सहसा जात नाही. तथापि हा लेख लिहिण्यास एक कारण घडले आहे, आणि ते प्रथम सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

गोष्ट सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानात त्या वेळी घाऊक मालाबरोबर थोडा किरकोळ किराणाही असे आणि तो भाग माझ्याकडे होता. दशलक्षण पर्व नुकतेच आटोपले होते. समाजातील एक वयोवृद्ध आक्का दुकानी आल्या. नातवंडांसाठी दुधाची वडी करावयाची म्हणून त्यांनी चायना ग्रासची पुडी मागितली. ती हाती घेऊन त्या म्हणाल्या, "बाळ, हे कशाचं असतं रे? हाडाबिडाचं नाही ना?" मी तत्काळ उत्तर दिले, "नाही आक्का, निव्वळ गवत आहे. पुडीवरच लिहिलंय." आक्कांना कंदमुळांचा आजन्म त्याग होता. पाण्यातील शेवाळावर पाय पडू नये म्हणून विहिरीच्या पायऱ्याही त्या जपून उतरत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या पुडी घेऊन गेल्या व पुढेही अनेक वर्षे नेत राहिल्या.

गेल्या वर्षी माझ्या नातीने तशाच एका पुडीवरचा बारीक मजकूर वाचून दाखविला आणि विचारले, "आजोबा, यात गवत कुठे आहे? हे तर समुद्रातलं शेवाळ आहे." आक्का आज हयात नाहीत. ज्या गोष्टीचे मला काडीचेही ज्ञान नव्हते ती मी छातीठोकपणे सांगितली, ही बोचणी तेव्हापासून मनात आहे. त्यानंतर वर्षभर मिळेल ते वाचून व जाणत्या मंडळींस विचारून जी माहिती जमविली, ती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

समुद्रशैवाल म्हणजे काय?

नदी-विहिरीच्या दगडांवर जसे शेवाळ धरते, तशीच पण पुष्कळ मोठी व नाना आकारांची वाढ समुद्रकाठच्या खडकांवर होत असते. तिला समुद्रशैवाल म्हणतात. तिला खरी मुळे नसतात, देठ नसतो, फूल नसते आणि बीही नसते. खडकाला धरून राहण्यापुरती एक पकड असते. पोषणद्रव्ये मात्र ती सर्वांगाने पाण्यातूनच शोषून घेते. समुद्राच्या तळाशी फुले येणारे समुद्रगवतही असते, पण त्याचा व या शैवालाचा काही संबंध नाही. म्हणजे 'ग्रास' हा शब्द सर्वथा फसवा आहे.

रंगावरून शैवालाचे तीन वर्ग करतात: हिरवे, तपकिरी व तांबडे. आपल्या देशाच्या किनाऱ्यांवर त्याच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. सौराष्ट्रातील ओखा, तमिळनाडूचा मन्नारच्या आखाताचा किनारा आणि लक्षद्वीप व अंदमान ही त्याची समृद्ध ठिकाणे होत. कोकणात व गोव्यातही पावसाळा सरल्यानंतर ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर ते दिसते. आपल्यापैकी कित्येकजण हणजुण्याच्या किनाऱ्यावर फिरून आले असतील. पायाखाली जे निसरडे लागते ते हेच. व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचे पदार्थ मुख्यत्वे तीन आहेत. अगार व कॅराजीनन हे तांबड्या शैवालापासून मिळतात, तर अल्जिनेट तपकिरी शैवालापासून.

सरायवाल्याची खीर आणि वैद्यकाची बशी

अगार म्हणजेच आपले चायना ग्रास. नावात चीन असला तरी या पदार्थाचा शोध जपानात लागला. तेथील आख्यायिका अशी की, १६५८ च्या सुमारास क्योटोजवळील फुशिमी येथे मिनोया तारोझाएमोन नावाच्या सरायवाल्याने शैवालाच्या खिरीचा उरलेला गोळा हिवाळ्याच्या रात्री बाहेर टाकून दिला. रात्री तो गोठला, दिवसा वितळला आणि त्यातील पाणी झिरपून गेले. काही दिवसांनी तेथे हलका, कोरडा व पांढरा पदार्थ उरला. तो पुन्हा पाण्यात उकळला असता पूर्ववत थिजला. टाकाऊ मालातून टिकाऊ माल निघाला. गोठविणे, वितळविणे व वाळविणे हीच रीत अगार तयार करण्यासाठी पुढे शतकानुशतके चालत आली.

या पदार्थाचा गुण विलक्षण आहे. शंभर भाग पाण्यास एक भाग अगार पुरतो. तो थिजण्यास बर्फ लागत नाही. चाळीस अंशांच्या खाली उष्णता उतरली की तो घट्ट होतो. एकदा घट्ट झाल्यावर मात्र सुमारे पंचाऐंशी अंशांपर्यंत तापविल्याशिवाय वितळत नाही. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होणारे जिलेटिन उन्हाळ्याच्या उष्म्यातच पाणी होते. या भेदामुळे वैद्यकशास्त्राचे केवढे कल्याण झाले, हे ऐकण्याजोगे आहे. १८८१ साली जर्मनीत डॉ. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस हे संशोधक जिलेटिनवर रोगजंतू वाढवीत असत. उन्हाळ्यात ते वितळून जाई, व कित्येक जंतू तर तेच खाऊन टाकीत. त्यांच्या पत्नी फॅनी हेस स्वयंपाकात मुरंब्यासाठी व जेलीसाठी अगार वापरीत. जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ती माहिती मिळाली होती. त्यांनी तेच वापरून पाहण्यास पतीस सुचविले. १८८२ साली क्षयाच्या जंतूंवरील आपल्या निबंधात कॉख यांनी अगारचा उल्लेख केला. मात्र त्या गृहिणीचे नाव तेथे आले नाही. आजही रुग्णाचे रक्त किंवा थुंकी तपासताना जंतू वाढविण्याच्या बशीत अगारच असतो. स्वयंपाकघरातील एका बाईचा अनुभव जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगाला अगार पुरविणारा देश मुख्यतः जपान होता. १९४१ च्या डिसेंबरात तो युद्धात उतरताच पुरवठा बंद पडला आणि न्यूझीलंडसारख्या देशांनी आपापल्या किनाऱ्यांकडे मोर्चा वळविला. आपल्या देशातही अगार काढण्याचे प्रयोग त्याच काळात सुरू झाले. पुढे तमिळनाडूत, विशेषतः मदुराईच्या परिसरात, हा धंदा वाढला. ज्याचा माल एकाच दारातून येतो त्याचे दुकान दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, हा धडा आपणा व्यापाऱ्यांस नवा नाही.

कापडाचा रंग, दुधातील कोको आणि आयोडीन

अल्जिनेटचा शोध ब्रिटनमधील स्टॅनफोर्ड या रसायनज्ञाने लावला व १८८१ साली त्याचे स्वामित्वपत्र घेतले. तपकिरी शैवाल सोड्याच्या पाण्यात उकळून हा पदार्थ काढतात. त्याचा मोठा उपयोग कापडावरील छपाईत होतो. रंग पसरू नये म्हणून त्यात घट्टपणा आणणारा पदार्थ मिसळावा लागतो. त्यासाठी मक्याचा स्टार्च आणि चिंचोक्याची पूड वापरतात, हे आपल्या बाजारास ठाऊक आहे. परंतु सुती कापडावर पक्के बसणारे जे रिअॅक्टिव्ह रंग आहेत, ते स्टार्चशीच संयोग पावतात. त्यामुळे रंग वाया जातो व कापड कडक होते. अल्जिनेटशी त्यांचा तसा संयोग होत नाही, म्हणून तेथे ते लागते. कवळी बसविण्यापूर्वी दंतवैद्य जबड्याचे माप ज्या मऊ लगद्यात घेतात तो अल्जिनेटचाच असतो. वाहत्या जखमेवर लावावयाच्या काही पट्ट्याही त्याच्याच असतात.

कॅराजीननचे नाव आयर्लंडच्या किनाऱ्यावरील शैवालावरून पडले. दुधाशी त्याचे चांगले जमते. कोको घातलेल्या दुधात कोको तळाशी बसत नाही, आइस्क्रीम एकजीव राहते आणि टूथपेस्ट नळीतून नीट बाहेर येते, त्यामागे पुष्कळदा हाच पदार्थ असतो.

आयोडीनची कथाही समुद्रकाठचीच. १८११ साली फ्रान्समध्ये नेपोलियनच्या युद्धांसाठी दारूगोळ्याचा सोरा तयार करीत असता बर्नार्ड कुर्त्वा याने शैवालाच्या राखेच्या अर्कात तीव्र आम्ल अधिक प्रमाणात ओतले, तोच जांभळी वाफ उसळली. ते आयोडीन होते. स्कॉटलंडच्या बेटांवर शैवाल जाळून राख विकण्याचा धंदा एके काळी हजारो कुटुंबांचे पोट भरीत होता. सोडा अन्य मार्गांनी स्वस्त मिळू लागताच तो धंदा ढासळला. आज आपण विकतो त्या मिठातील आयोडीनसुद्धा शैवालाचे नसते. जगाचे बहुतेक आयोडीन चिलीतील खनिजातून व जपानातील भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यातून येते.

शेतकऱ्याच्या हातातील बाटली

आपल्या भागातील ऊस व भाजीपाला पिकविणारे शेतकरी आता शैवालाच्या अर्काची फवारणी करतात. किनाऱ्यावरील लोक वाहून आलेले शैवाल नारळाच्या बुंध्याशी पूर्वापार घालीत आले आहेत. हा त्याच रीतीचा सुधारलेला प्रकार. या कामी भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. ही संस्था १९५४ साली पंडित नेहरूंच्या हस्ते मीठ-संशोधनासाठी सुरू झाली. ताजे शैवाल पिळून त्याचा रस खतासाठी वापरावा व उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढावे, अशी दुहेरी उपयोगाची पद्धत तिने बसविली.

खत-बियाण्यांचीही दुकाने असलेल्या आपल्या सभासदांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा अर्क म्हणजे खताचा पर्याय नव्हे. तो वाढीस चालना देणारा पदार्थ आहे. २०२१ साली केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा नवा वर्ग घातला व शैवालाचे अर्क त्याखाली आले. तेव्हा कोणत्याही रंगीत बाटलीवर शैवालाचे चित्र छापून ती विकता येणार नाही. कागदपत्रे पाहिल्यावाचून असा माल दुकानात घेऊ नये. शेतकऱ्याचा हंगाम एकदा गेला की तो परत येत नाही.

बुडी मारणाऱ्या भगिनी

हा माल गोळा करतो कोण, हेही आपण जाणून घेतले पाहिजे. रामनाथपुरम जिल्ह्यातील पांबन व मंडपमच्या परिसरात हे काम मुख्यतः कोळी स्त्रिया करतात. पहाटे होडीने बेटांजवळ जावे, डोळ्यांवर चष्मा, पायांत रबरी चप्पल व बोटांना चिंध्या गुंडाळून पाण्यात बुडी मारावी, श्वास रोखून खडकावरचे शैवाल खुडावे आणि कमरेच्या पिशवीत भरावे, असा त्यांचा दिनक्रम. खडकांनी हातपाय कापतात. १९८६ साली तेथील एकवीस बेटांचे राष्ट्रीय सागरी उद्यान झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात या बाया जात होत्या, तेच त्यांना निषिद्ध झाले. पुढे त्यांनी आपसांत महिन्यातील ठराविक दिवसच शैवाल काढण्याचा निर्बंध घालून घेतला, म्हणजे त्यास पुन्हा वाढण्यास अवधी मिळावा. पांबन बेटावरील चिन्नपालम गावच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली यासाठी सीकॉलॉजी हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. दहा रुपयांच्या पुडीमागे एवढे श्रम असतात, हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हते.

खुडून आणण्याऐवजी शैवालाची लागवड करण्याची पद्धतही आता रुळली आहे. जगात २०२० साली ओल्या वजनाने साडेतीन कोटी टनांहून अधिक शैवाल निघाले. त्यातील शेकडा सत्त्याण्णव लागवडीचे होते, आणि त्यात चीन व इंडोनेशिया अग्रेसर होते. आपल्याकडे बांबूच्या तराफ्यावर दोऱ्या ताणून त्यांना शैवालाचे तुकडे बांधतात. सुमारे पंचेचाळीस दिवसांत ते चार-पाच पट वाढते. २०२० सालच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शैवालासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद दर्शविण्यात आली. परंतु धंदा म्हटला की जोखीम आलीच. या लागवडीची मुख्य जात परदेशी आहे. २००८ साली कुरुसडई बेटाजवळ ती जिवंत प्रवाळांवर पसरलेली आढळली, तेव्हा जाणकारांनी धोक्याची सूचना दिली. २०१३ नंतर पीक मरू लागल्याने उत्पादनही घसरले. भांडवल गुंतवू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी दोन्ही बाजू पाहूनच पाऊल टाकावे.

धर्म आणि धंदा

आता ज्या प्रश्नाने हा लेख लिहविला त्याकडे वळतो. चायना ग्रास आपण खावे काय? विकावे काय?

एक गोष्ट निःसंशय आहे. जिलेटिन हे पंचेंद्रिय प्राण्याच्या वधातून येते. ते कोणत्याही श्रावकाच्या घरी येता कामा नये. औषधाच्या कॅप्सूलचे कवचदेखील बहुधा त्याचेच असते, म्हणून तेथेही विचारणा करावी. त्याच्या तुलनेत शैवाल हे एकेंद्रिय होय, आणि या दोन हिंसा एका तराजूत घालता येणार नाहीत. परंतु म्हणून शैवाल निर्दोष ठरते असेही नाही. आपल्या शास्त्रांत शेवाळाची गणना साधारण वनस्पतीत केली आहे, म्हणजे एका शरीराच्या आश्रयाने अनंत जीव. ज्यांना अनंतकायाचा त्याग आहे, त्यांच्यासाठी ही पुडी बटाटा-रताळ्याच्या पंक्तीस बसते. शिवाय खडकावरून खुडलेल्या शैवालात बारीक शंख-शिंपले व खेकड्यांची पिले अडकून येतात; तो त्रसजीवांचा प्रश्न निराळाच.

२००१ सालच्या नियमांपासून खाद्यपदार्थांवर हिरवा ठिपका येऊ लागला व आपण सर्व निश्चिंत झालो. त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की यात मांस, मासा वा अंडे यांचा अंश नाही. बटाट्याच्या वेफर्सवरही तोच ठिपका असतो. तो जैन आहाराची ग्वाही देत नाही. ती देण्याचे काम दुकानदाराच्या जिभेचे आहे.

यास्तव माझी सभासदांस चार गोष्टींची विनंती आहे. पहिली, चायना ग्रासला कोणी गवत म्हणू नये. विचारणाऱ्यास 'समुद्रातील शेवाळ' असे स्पष्ट सांगावे. दुसरी, पाकिटावरील अंक वाचावयास शिकावे: ४०१ म्हणजे सोडियम अल्जिनेट, ४०६ म्हणजे अगार, ४०७ म्हणजे कॅराजीनन. ही तिन्ही शैवालाची. ४४० म्हणजे पेक्टिन. ते लिंबू-संत्र्याच्या सालीतून व सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात. तिसरी, त्यागी गिऱ्हाइकास पर्याय सुचवावा. दुधाच्या पदार्थास मक्याचे पीठ चालते, फळांच्या जेलीस पेक्टिन चालते. आरारूट मात्र सुचवू नये, ते कंदाचे असते. चौथी, ज्याचे मूळ ठाऊक नाही त्याविषयी 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' असे म्हणण्यास लाजू नये. या एका वाक्याने गिऱ्हाईक तुटत नाही, असा माझा नंतरचा अनुभव आहे.

खावे की न खावे, हा निर्णय ज्याच्या त्याच्या व्रताचा आहे. त्याविषयी अधिकारवाणीने सांगणे त्यागी व पंडितांनी, माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या दुकानदाराने नव्हे. पण निर्णय करावयाचा तर खरी माहिती हाती हवी, आणि ती आपल्या गल्ल्यावरून गिऱ्हाइकापर्यंत जाते. मापात मारलेला पावशेर उद्या भरून देता येतो. चुकीच्या शब्दामुळे एखाद्याचे व्रत नकळत मोडले, तर ते भरून देण्याचे माप आपल्यापाशी नाही.

आक्कांची क्षमा मागण्याची संधी मी गमावली. त्यांच्या सूनबाईंना मात्र यंदाच्या क्षमावाणीच्या दिवशी घरी जाऊन सर्व हकीकत सांगितली. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "काका, आता तरी सगळ्यांना सांगा." त्यांच्या सांगण्यावरून या पानांतून सर्वांना सांगत आहे, आणि अजाणतेपणी ज्यांना ज्यांना मी गवत म्हणून शेवाळ दिले, त्या सर्वांस हात जोडून म्हणतो, उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.